आमच्या शाळा आणि लाकडी बैल



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागवड, खोडवा आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या अंकात शाळेबद्दल लिहीत आहोत. शाळेचा आणि उसाचा काय संबंध, असे काहींना वाटेल. संबंध आहे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की तो दरवर्षी डोळ्यांना दिसतो.

निमित्त असे झाले. ऊसनोंदीसाठी आम्ही बोरी अरबच्या बाजूला फिरत होतो. एका सभासदाची नात परदेशात प्राथमिक शाळेत शिकते. तिच्या शाळेच्या फाटकावर घुबडाचे मोठे चित्र आहे, सदऱ्यावर घुबड, वहीवरही घुबड. अमेरिकेत अशी पद्धतच आहे. कुठे गरुड, कुठे वाघ, कुठे अस्वल, प्रत्येक शाळेचे आपले एक जनावर. त्याला ते मॅस्कॉट म्हणतात. दिल्लीला १९८२ साली आशियाई खेळ झाले तेव्हा अप्पू नावाचा हत्ती होता, तो पुष्कळांना आठवत असेल, तसाच प्रकार. फोटो दाखवून आजोबांनी विचारले, "साहेब, आपल्या शाळेचं कोणतं जनावर हो?"

आम्ही काही बोलण्याआधी शेजारी बसलेल्या म्हातारीने उत्तर दिले, "काहून, बैल नाही का? तान्ह्या पोळ्याचा!"

आम्हांस ते पटले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर पेन्सिलीवर बसलेले मुलगा-मुलगी रंगवलेले असतात, ते सर्व शिक्षा अभियानाचे बोधचिन्ह, सगळ्या देशाला एकच. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढायची सरस्वती सगळ्या महाराष्ट्राची. पण लाकडी बैल घेऊन पोट्ट्यांचा पोळा भरतो तो विदर्भातच. श्रावणातल्या अमावास्येला मोठा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी १८०६ च्या सुमारास तो सुरू केला असे नागपूरकडे सांगतात. ज्यांच्या घरी खरी जोडी नाही त्यांची लेकरेही त्या दिवशी बैलवाली होतात, ही त्यातली खरी गंमत. सुताराकडून केलेला, चार चाकांचा, गळ्यात दोरी बांधलेला बैल. त्याला झूल, बेगड, शिंगांना रंग. तोरणाखाली रांग लागते, पोरे झडत्या म्हणतात, गुरुजी-बाई सजावटीचे नंबर काढतात, आणि घरोघर फिरून पोरे बोजारा गोळा करतात. शाळेत त्या दिवशी गैरहजेरी नसते. पंचायत समितीचा साहेब तपासणीला आला तरी इतका पट भरत नाही!

आता शाळेची थोडी हकिकत. बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातले अडाण नदीकाठचे गाव. आजूबाजूला कपाशी, तूर, सोयाबीन, आणि पाण्याची सोय असेल तिथे ऊस. हा सगळा वऱ्हाडचा मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजी कारभारात आला. त्याआधी पंतोजीची शाळा असे, कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात. धूळपाटीवर अक्षरे आणि तोंडी पावकी, निमकी, दीडकी. सरकारी शाळा आल्या त्या आधी तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी. पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ साली यवतमाळ जिल्हा झाला, तरी तांड्यावर आणि पोडावर शाळा पोहोचायला आणखी कितीतरी वर्षे लागली. १९४८ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या. जुन्या माणसांच्या तोंडी 'जनपदची शाळा' हा शब्द त्यातलाच.

पुढचा भाग मात्र आपल्या जिल्ह्याने अभिमानाने सांगावा असा आहे. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक लहानपणी परगावच्या शाळांतून शिकले. १९६० साली राज्य झाल्यावर पंचायत राज्याचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष तेच. त्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेड्यातल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या त्या अशा. नाईकसाहेब पुढे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, हे सभासदांना सांगायला नको. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि दारव्ह्याच्या पोराच्या हातात आणि कोल्हापूरच्या पोराच्या हातात एकच पुस्तक आले.

शाळा सरकारची म्हणतात, पण ती चालते गावावर. आपल्याच वऱ्हाडातले गाडगे महाराज १९५६ साली जाईपर्यंत हेच सांगत फिरले, की भाकर हातावर घेऊन खा पण लेकराला शाळेत घाला. कुठे जागा गावाने दिली, कुठे माती-मुरूम श्रमदानाने पडला. शाळेत येणाऱ्या मुलांना १५ ऑगस्ट १९९५ पासून धान्य मिळू लागले. सर्वोच्च न्यायालयाचा २००१ साली आदेश झाल्यावर शिजवलेले अन्न आले, आणि खिचडी शिजवायला गावातल्याच बाया आल्या. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात चारांपैकी तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. आम्ही पाहिले आहे, कारखान्याच्या सभेला हिरिरीने बोलणारे आमचे काही सभासद या समितीच्या बैठकीला सही करून निघून जातात. हे बरे नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दारव्हा, दिग्रस, पुसद भागातल्या तांड्यांतून दिवाळीच्या आसपास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी सांभाळणारे कोणी नसले की लेकरे बरोबर. आपल्याकडे शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडते. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर असे चारच महिने त्या मुलाच्या वाट्याला येतात. परत येईतो मार्च-एप्रिल उजाडतो, परीक्षा तोंडावर. अशी दोन-तीन वर्षे गेली की मूल वर्गात बसते पण वाचता येत नाही, मग त्यालाच शाळा नकोशी होते. आणि फडावर काय चालते ते आम्ही रोज पाहतो. पहाटे थंडीत मायबाप मोळ्या बांधत असतात, नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी बसलेली असते, नाहीतर वाढे गोळा करीत असते.

त्याच भागातल्या एका तांड्यावरच्या शाळेत गुरुजींच्या कपाटावर सात लाकडी बैल ओळीने ठेवलेले दिसले. आम्हांस वाटले, बक्षिसाचे असतील. गुरुजी म्हणाले, "नाही साहेब, पोरं तोडीला गेली. जाताना ठेवून गेली. कोपीवर मोडतो म्हणतात, नाहीतर चुलीत जातो." एकाच्या पाठीवर खडूने नाव लिहिले होते, एकाचे चाक निघालेले होते. हजेरीपट पाहण्याची गरजच राहिली नाही. तिथून आमचाच गट सात किलोमीटरवर. तिथेही दुसऱ्या कुठल्या तरी गावची पोरे कोपीवर होती.

कायदा मुलांच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. दाखला नाही म्हणून जवळची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि वर्षाच्या मध्येही नाव घालता येते. गाव सोडताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. ते दाखवले की जिथे तोड असेल तिथल्या शाळेत मूल बसते. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून मुलाच्या जेवणाची सोय होऊ शकते. आमचे स्पष्ट मत असे, की मूल कोपीवर नेऊन तिथल्या शाळेत घालण्यापेक्षा ते आपल्याच गावात, आपल्याच गुरुजींकडे राहिलेले केव्हाही चांगले. फड पंधरा दिवसांत बदलतो, मूल किती शाळा बदलणार? पण ज्यांच्या घरी म्हातारे माणूसच नाही त्यांना हा उपदेश काय कामाचा, म्हणून दुसरी वाटही उघडी पाहिजे.

सभासदांना विनंती एवढीच. आपल्या फडात टोळी उतरली की पहिल्याच दिवशी मुकादमाला लेकरांची संख्या आणि वये विचारावीत आणि गट कार्यालयात स्लिप देतानाच ती कारकुनाकडे लिहून द्यावीत. यादी आम्ही जवळच्या मुख्याध्यापकांकडे पोचवू. शाळा एक किलोमीटरपेक्षा लांब असेल तर तेही सांगावे. उसाचा रिकामा ट्रॅक्टर सकाळी त्या बाजूला जात असला तरी त्यावर मुलांना बसवू नये, पायी सोबत एखादे मोठे माणूस द्यावे. लागणीच्या नोंदी नेहमीप्रमाणे गट कार्यालयात चालू आहेत. येताना सात-बारा बरोबर आणावा.