शपथेवर दिलेली उत्तरे
नव्या देशाचे नागरिक होताना : लेखांक ५

अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीचे पत्र आले की घरात आधी पाठांतर सुरू होते. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, घटनेचे पहिले तीन शब्द कोणते, वसाहती इंग्रजांविरुद्ध का लढल्या, असे प्रश्न नातवंडे विचारतात आणि आजी पोळ्या लाटता लाटता उत्तरे देते. ही तयारी हवीच. पण बऱ्याच घरांत सगळी तयारी तिथेच थांबते.

नागरिकशास्त्राचे सगळे प्रश्न सरकारनेच उत्तरांसह जाहीर केलेले आहेत. ज्याची उत्तरे कुठल्याच पुस्तकात मिळत नाहीत, असा दुसरा प्रश्नसंच म्हणजे आपला स्वतःचा एन-४०० अर्ज. तो कसा भरायचा हे मागच्या लेखांकात पाहिले. मुलाखतीत त्याच अर्जावर अधिकारी शपथेवर प्रश्न विचारतो, म्हणून आज जास्त वेळ त्यावरच घालवू.

खोलीत काय होते

यूएससीआयएसच्या (नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याच्या) कार्यालयात आपले नाव पुकारले जाते आणि अधिकारी आत नेतो. बसण्याआधीच उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घ्यावी लागते. त्यानंतर ग्रीनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट पाहिले जातात. जुने, रद्द झालेले भारतीय पासपोर्टही सोबत न्यावेत, कारण प्रवासाचे शिक्के त्यांतच असतात.

इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा नसते. अर्जावरची प्रश्नोत्तरे हीच ती परीक्षा. वाचनासाठी जास्तीत जास्त तीन सोपी वाक्ये देतात, त्यातले एक नीट वाचता आले की पुरे. लेखनालाही तोच नियम : अधिकारी वाक्य सांगतो, आपण ते लिहायचे. उच्चार मराठी वळणाचा आहे म्हणून कोणी नापास करत नाही. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा किंवा सोप्या शब्दांत विचारण्याची विनंती जरूर करावी. न समजता मान डोलावणे मात्र महागात पडते. ‘यस’ म्हणून झाल्यावर अधिकाऱ्याने त्याच प्रश्नातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर काय सांगणार?

नागरिकशास्त्राची परीक्षा तोंडी असते आणि तिचे नियम अलीकडेच बदलले आहेत. ज्यांनी २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज केला, त्यांच्यासाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत प्रश्न विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर आले की परीक्षा संपते, आणि ९ चुकले तरी तिथेच संपते. त्याआधी अर्ज केलेल्यांना २००८ची जुनी परीक्षा लागू आहे : १०० प्रश्नांची यादी, त्यातले १० पर्यंत प्रश्न, ६ बरोबर. आपल्या राज्याचे गव्हर्नर, सिनेटर, प्रतिनिधिगृहातला आपला सदस्य अशी काही उत्तरे निवडणुकीनंतर बदलतात. ती मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा पाहून घ्यावीत.

‘कधी तरी’ या शब्दांचे वजन

अर्जाच्या एका मोठ्या भागात ‘तुम्ही कधी तरी...’ अशा सुरुवातीचे हो-नाही प्रश्न आहेत. कम्युनिस्ट पक्षाशी संबंध होता का, कुणाचा छळ केला का, कर बुडवला का, अटक झाली का. वाचताना हे सगळे आपल्यापासून लांबचे वाटते आणि हात आपोआप ‘नाही’च्या चौकोनाकडे जातो. त्यातल्या तीन-चार प्रश्नांपाशी आपल्या माणसांनी मुद्दाम थांबावे.

पहिला प्रश्न मतदाराचा. अनेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणीचा पर्याय पुढे येतो. घाईत, किंवा इंग्रजी नीट न कळल्यामुळे, काही ग्रीनकार्डधारक त्यावर खूण करतात. आपण नागरिक असल्याचे खोटे सांगणे आणि नागरिक नसताना मतदान करणे या दोन्ही गोष्टी नागरिकत्वाच्या कायद्यात फार गंभीर आहेत. असे काही घडल्याची नुसती शंका असली तरी अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटावे.

दुसरा प्रश्न अटकेचा. न्यायालयाने प्रकरण काढून टाकले, वकिलाने ‘आता नोंद पुसली गेली’ असे सांगितले, तरी नागरिकत्वाच्या अर्जात ते सांगावेच लागते. न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत सोबत न्यावी. बोटांचे ठसे आधीच तपासलेले असतात. बऱ्याचदा मूळ प्रकरण किरकोळ असते आणि ते लपवणेच अंगाशी येते.

तिसरा प्रश्न तरुण मुलग्यांचा. १८ ते २६ या वयात अमेरिकेत राहणाऱ्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे गरज पडल्यास सक्तीची सैन्यभरती करणाऱ्या खात्याकडे, नोंदणी करावी लागते, ग्रीनकार्डधारकांनाही. त्या संपूर्ण काळात जे एफ-१ सारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर वैधपणे राहिले, त्यांना ती सक्ती नाही. विद्यार्थी म्हणून आलेल्या मुलाचे उत्तर आणि आईवडिलांबरोबर सतराव्या वर्षी ग्रीनकार्ड घेऊन आलेल्या मुलाचे उत्तर म्हणून वेगळे असते.

चौथा गट निष्ठेच्या प्रश्नांचा. कायद्याने गरज पडली तर शस्त्र हाती घ्याल का, सैन्यात बिनशस्त्र सेवा कराल का, राष्ट्रीय महत्त्वाचे नागरी काम कराल का? धर्मामुळे किंवा सदसद्विवेकामुळे ज्यांना शस्त्र धरणे मान्य नाही, त्यांच्यासाठी शपथेत बदलाची सोय आहे. पण ते आधी सांगावे लागते आणि त्यामागची श्रद्धा समजावून द्यावी लागते. तोंडदेखले ‘हो’ म्हणण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

नावे आणि तारखा

आपल्याकडच्या चालीरीतींमुळे या अर्जात दोन ठिकाणी गोंधळ होतो. एक म्हणजे नाव. जन्मापासून वापरलेली सगळी नावे अर्जात मागतात. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, मधल्या वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि कित्येक घरांत पहिले नावही बदलायची पद्धत होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची मुलगी, लग्नाच्या दाखल्यावरची वधू आणि पासपोर्टवरची बाई या कागदोपत्री तीन निरनिराळ्या व्यक्ती दिसू शकतात. तिन्ही नावे लिहावीत आणि त्यांना जोडणारे दाखले बरोबर ठेवावेत.

दुसरा गोंधळ प्रवासाचा. सर्वसाधारण अर्जदाराला पाच वर्षांचा अखंड निवास आणि त्यात एकूण तीस महिने देशात प्रत्यक्ष वास्तव्य दाखवावे लागते. नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर संसार करणाऱ्यांसाठी हीच मुदत तीन वर्षे आणि अठरा महिने अशी आहे. एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर निवास खंडित झाला असे गृहीत धरतात आणि तो खंडित नव्हता हे पुराव्याने दाखवणे आपल्यावर येते. वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिल्यास तो खंडितच होतो. दरवर्षी थंडी सुरू झाली की पुण्याला किंवा नाशिकला जाऊन उन्हाळा सरल्यावर परतणारे आजी-आजोबा इथेच अडकतात. तारखा आठवणीतून लिहू नयेत, पासपोर्ट आणि विमान तिकिटांवरून पडताळाव्यात. अर्ज केल्यानंतर नोकरी, पत्ता बदलला किंवा आणखी एक फेरी झाली, तर मुलाखतीत आपण होऊन सांगावे. अधिकारी तिथेच अर्जात दुरुस्ती करतो.

घरातल्या ज्येष्ठांसाठी

आईवडिलांना इंग्रजीची सूट मिळेल, असे पुष्कळजण धरून चालतात. ही सूट नुसत्या वयावर नाही. अर्ज करताना वय ५० आणि ग्रीनकार्डवर २० वर्षे झालेली, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे झालेली असतील, तरच इंग्रजीची परीक्षा माफ होते. मग मुलाखत आणि नागरिकशास्त्र दुभाष्यामार्फत मराठीतही देता येते. वय ६५ आणि ग्रीनकार्डची २० वर्षे असतील तर अभ्यासासाठी फक्त २० प्रश्नांची यादी असते. त्यातले १० विचारतात आणि ६ बरोबर यावे लागतात.

आता बासष्टाव्या वर्षी मुलाकडे आलेल्या आईचा हिशेब करा. सदुसष्टाव्या वर्षी ती अर्ज करू शकते, पण इंग्रजीची माफी तिला सत्त्याहत्तराव्या वर्षी मिळेल. तोवर मुलाखत इंग्रजीतच. स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे शिकणेच शक्य नसेल, तर डॉक्टरांनी भरलेल्या एन-६४८ प्रमाणपत्रावर सवलत मागता येते. नुसते म्हातारपण त्याला पुरत नाही. अशा आईला प्रश्नांचे कागद देऊन सोडू नका. रोज थोडा वेळ तिच्याशी इंग्रजीत बोला, आणि ती गावच्या शाळेत काय शिकली, कुठे राहिली, कुठे कुठे गेली हे तिच्याच शब्दांत सांगू द्या. ज्या बाईने आयुष्यभर घराचे व्यवहार सांभाळले तिला हे जमते. वेळ मात्र द्यायला हवा.

हा दरवाजा कसा उघडला

हे सगळे जाचक वाटले, तर शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आठवावी. १७९०च्या कायद्याने नागरिकत्व फक्त मुक्त गोऱ्या माणसांना खुले होते. १८७०मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आपण दोन्हींत बसत नव्हतो. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९०९मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नागरिकत्व दिले आणि १९१०मध्ये ते अपिलातही टिकले, ते पारशी ‘गोरे’ ठरले म्हणून. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांना १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले, आणि ज्या भारतीयांना ते मिळाले होते त्यांच्याकडूनही ते काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतःही या कारवाईत सापडले. ते लढले आणि आपले नागरिकत्व त्यांनी राखले. भारतीयांसाठी दार कायद्याने उघडले ते १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने, आणि वंशाची अट सगळ्यांसाठीच गेली ती १९५२मध्ये.

थिंड यांनी कितीही खरे सांगितले असते तरी निकाल बदलला नसता, कारण प्रश्न त्यांच्या वर्तनाचा नव्हताच. आज जे विचारले जाते ते आपल्या वागण्याबद्दल आणि आपल्या शब्दाबद्दल आहे. तो शब्द नंतरही आपल्याला बांधून ठेवतो. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवून मिळवलेले नागरिकत्व कित्येक वर्षांनीही रद्द होऊ शकते.

निकाल

मुलाखतीच्या शेवटी एन-६५२ हा कागद मिळतो. त्यावर मंजुरीची शिफारस असते, किंवा अर्ज पुढे चालू ठेवल्याचे किंवा निर्णय नंतर कळवू असे लिहिलेले असते. अर्ज पुढे चालू ठेवला म्हणजे नाकारला असे नाही. बहुधा एखादा कागद कमी असतो किंवा परीक्षेचा एखादा भाग राहिलेला असतो. नापास झालेला भाग ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा देता येतो आणि तेवढाच द्यावा लागतो. अर्ज नाकारला गेला, तर ३० दिवसांच्या आत एन-३३६ भरून दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी मागता येते.

मंजुरीच्या शिफारशीनेही आपण नागरिक होत नाही. नागरिक होतो ते निष्ठेची शपथ घेतल्यावर, आणि त्याच क्षणी १९५५च्या कायद्यानुसार भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. भारतीय पासपोर्ट परत करणे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढणे, आणि मतदान व शेतजमीन याबाबत त्याने काय मिळत नाही, हे पुढच्या लेखांकात पाहू. तोपर्यंत या आठवड्यात एक काम करा : एन-४००ची प्रत काढा, घरातल्या कुणाला तरी अधिकारी करून समोर बसवा आणि प्रत्येक प्रश्न मोठ्याने विचारायला सांगा. ज्या उत्तरापाशी तुम्ही अडखळाल, तिथला दाखला शोधून आजच फाइलमध्ये लावा.