मधला माणूस हवा की नको?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या जुन्या माणसांनी सांगून ठेवले आहे. घर विकून पाहावे, असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्या काळी घर विकणे हा विषयच चारचौघांत काढायचा नसे. घर विकले म्हणजे घराण्याला उतरती कळा लागली, अशीच समजूत. आता तसे राहिलेले नाही. गुडघे बोलू लागतात, इमारतीला लिफ्ट नसते, मुले दुसऱ्या गावी स्थिरावतात. अशा साध्यासुध्या कारणांनी माणसे घर विकतात. आणि विकायचे ठरले की त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो : दलाल लावायचा की नाही?

त्यातून ते घर नुकतेच नव्याने सजवलेले असले, तर प्रश्न अधिकच अवघड होतो. आमच्या दादाच्या घरी तो झाला. त्याची हकीगत सांगण्यासारखी आहे, कारण असे दादा घरोघरी आहेत.

दादाचा कोथरूडमधला दोन खोल्या-स्वयंपाकघराचा ब्लॉक १९८९ सालचा. दुसरा मजला, जिना चढून जायचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये त्याने घराला नवे रूप दिले. जुनी फरशी काढून नव्या लाद्या बसवल्या, वायरिंग नि नळकाम मुळापासून बदलले, न्हाणीघराची गळती काढली. स्वयंपाकघराची गॅलरी आत घेऊन वहिनींना ऐसपैस ओटा करून दिला. खर्च झाला १२ लाख. तीन वर्षांत वहिनींचे गुडघे इतके दुखू लागले, की त्यांना जिना नको झाला. २०२४ च्या पाडव्याला दोघे लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला गेले. नव्या जागेसाठी ३० लाखांचे कर्ज काढले होते. जुने घर विकले की ते फेडायचे, असा बेत.

किंमत ठरवायला दादाला दोन मिनिटे लागली. शेजारचा, काहीही डागडुजी न केलेला ब्लॉक ८८ लाखांना गेला होता. त्यात आपले १२ मिळवले की झाला १ कोटी.

वहिनी म्हणाल्या, "अहो, पण तीन वर्षं आपण वापरलंय ना ते?"

"वापरलं म्हणजे झिजवलं का?" दादा म्हणाला. "आणि दलाल-बिलाल काही नको. एक टक्का द्यायचा म्हणजे लाख रुपये. कशाचे? दार उघडून दाखवण्याचे?"

दादाचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. पूर्वी गिऱ्हाईक कुठे आहे हे एकट्या दलालालाच ठाऊक असे. आज संकेतस्थळावर जाहिरात टाकली की ती घरोघरी पोचते. दादाने स्वतः फोटो काढले, मजकूर लिहिला आणि फोनची वाट पाहत बसला. फोन आलेही पुष्कळ. पण त्यांतले बहुतेक दलालांचेच! उरलेल्यांतले काही घर पाहायला आले, आणि खरी परीक्षा सुरू झाली.

एक तरुण जोडपे स्वयंपाकघरात उभे राहून आपसांत बोलत होते, "हा ओटा तर काढावाच लागेल." दादा पुढे झाला आणि तो ओटा का काढू नये, यावर त्याने त्यांना दहा मिनिटे व्याख्यान दिले. ते जोडपे पुन्हा आले नाही. दुसऱ्या एका गृहस्थांनी लाद्यांच्या निळ्या रंगाला नाक मुरडले. दादाने त्यांना विचारले, "तुम्हांला घर घ्यायचंय की रंग?" तेही गेले. घर विकणारा माणूस आपल्या घराबद्दल बोलू लागला, की घेणाऱ्याला आपले भावी घर दिसतच नाही. विकणाऱ्याचेच दिसत राहते.

अखेर ९३ लाखांना एक गिऱ्हाईक ठरले. ५१ हजारांचा विसार आला, पेढे वाटले गेले. मग घेणाऱ्यांच्या बँकेकडून मूल्यमापन करणारा माणूस आला. त्याने मंजूर नकाशा समोर धरला आणि विचारले, "इथं गॅलरी होती ना?" गॅलरी आत घेताना सोसायटीच्या चिटणीसांनी तोंडी होकार दिला होता, महापालिकेचा कागद कोणीच केला नव्हता. बँकेने हरकत घेतली, घेणारे बिचकले, आणि दादाने विसार परत केला. ज्या ओट्याचा त्याला सर्वांत अभिमान, त्याच्यापाशीच व्यवहार मोडला. त्या रात्री तो जेवला नाही, असे वहिनींनी मला फोनवर सांगितले.

या सगळ्यात चार महिने गेले. ३० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचे व्याज २१,२५० रुपये. चार महिन्यांचे ८५,०००. रिकाम्या घराचा सोसायटीचा खर्च महिना ३,५०० म्हणजे १४,०००. एकूण ९९ हजार. दलालीचा वाचवलेला लाख असा गुपचूप गळून गेला होता. बँकेत आयुष्य काढलेल्या दादाने हा हिशेब कागदावर मांडला आणि तो कागद काही न बोलता वहिनींपुढे सरकवला.

वहिनी म्हणाल्या, "मग आता तरी कुणाला तरी विचारू या."

इथे थोडे शब्दाविषयी. 'दलाल' या शब्दाला मराठीत आपण नको तितका वाईट वास चिकटवला आहे. तो अरबीतून आला. वाट दाखवणे हा त्याच्या धातूचा अर्थ. 'दलील' म्हणजे पुरावा, हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे दलाल तो, जो वाट दाखवतो आणि ज्याच्या बोलण्याला पुरावा असतो. या व्याख्येत बसणारा माणूस मिळाला तर दलाली महाग नव्हे. न बसणारा मिळाला तर ती फुकटही महाग.

दादा-वहिनींनी तिघांना बोलावले. पहिला घर पाहून भारावून गेला. "काका, एक कोटी दहा लाखांच्या खाली बोलायचंच नाही!" दादा खूश झाला, वहिनी मात्र गप्प. जास्त आकडा सांगून काम मिळवायचे आणि मग दर महिन्याला "बाजार मंदा आहे" म्हणत किंमत उतरवायला लावायची, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. दुसरा म्हणाला, "८५ देतो, गिऱ्हाईक तयार आहे, उद्या सही." हे गिऱ्हाईक कोण, ते सांगेना. तिसरा आला तो मधल्या वयाचा. त्याने लाद्यांकडे पाहिलेही नाही. खुर्चीत बसून म्हणाला, "आधी कागद दाखवा." खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचा भागदाखला, थकबाकी नसल्याचे पत्र, मंजूर नकाशा, मालमत्ताकराची पावती. मग म्हणाला, "गॅलरीचं पहिल्या भेटीतच सांगायचं. लपवलं तर शेवटी कळतं, आणि शेवटी कळलेलं महागात पडतं. आता भिंती उघडल्या होत्या तेव्हाचे फोटो आहेत का? वायरिंगचे, नळांचे, गळती काढल्याचे?"

फोटो होते. बिले तर वहिनींनी बिस्किटांच्या डब्यात एकूणएक जपून ठेवली होती.

"मग हेच दाखवायचं," तो म्हणाला. "रंग नि ओटा ज्याचा त्याच्या आवडीचा. त्याचे पैसे पुरे मिळत नाहीत. पण भिंतीतलं काम नवं आहे, आणि त्याला पुरावा आहे, याचे लोक देतात. ९४-९५ येतील. एक कोटी विसरा."

दादाच्या १२ लाखांचे उत्तर असे मिळाले. त्यांतले निम्मे बाजाराने मानले. निम्मे वहिनींनी तीन वर्षे त्या ओट्यापाशी सुखाने स्वयंपाक केला, त्यात वसूल झाले होते.

तरी दलालावर डोळे मिटून विसंबू नये. त्याचा फायदा आणि आपला फायदा एका दिशेला असला तरी सारखा नसतो. किंमत ३ लाखांनी वाढली तर ती वाढ आपल्या पदरात पडते. एक टक्क्याने त्याला मिळतात फक्त ३ हजार. त्यासाठी त्याने आणखी दोन महिने का थांबावे? अमेरिकेत लेविट आणि सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या जवळजवळ १ लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते बाजारात सुमारे साडेनऊ दिवस अधिक ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. परक्याचे घर विकताना तोच माणूस "आलेलं गिऱ्हाईक सोडू नका" असा सल्ला देतो. हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आपण ते ओळखून असावे, इतकेच.

कायदाही आपल्या बाजूला आहे, पण आपण तो वाचत नाही. १८७२ च्या करार कायद्यात मुखत्याराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. वेगळा करार नसेल, तर काम पुरे होईपर्यंत मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ सांगते. मालकाला न सांगता दलालाने स्वतःच त्या व्यवहारात शिरकाव केला, तर मालकाला काय करता येते, ते कलम २१५ आणि २१६ मध्ये आहे. "८५ देतो, उद्या सही" म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारायचे : घेणारा कोण? महारेराचा नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. २०१७ पासून ती नोंदणी सुरू झाली, आणि आता तिच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. मात्र तो कायदा मुख्यतः नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीत तो क्रमांक ओळखपत्रासारखा मानावा, चिलखतासारखा नव्हे.

म्हणून दादाने दलालाकडून साधे पत्र लिहून घेतले. दलाली १ टक्का, तीही खरेदीखताची नोंदणी झाल्यावर. तीन महिने काम फक्त त्याच्याकडे, नंतर दादा मोकळा. आणि त्याने घेणाऱ्याकडूनही दलाली घेतली तर ती आधी सांगायची. आपल्याकडे बहुधा दोन्ही बाजूंनी एक-दोन टक्के घेण्याची रीत आहे. ती उघड असावी. दलाल जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के कर पडतो, हेही आधीच विचारावे. नाहीतर शेवटी तोंड कडू होते.

एक गोष्ट मात्र कुठलाच दलाल आपल्यासाठी करत नाही, ती म्हणजे वकिलाचे आणि कर-सल्लागाराचे काम. घरावरच्या नफ्यावर कर लागतो. त्या हिशेबात कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च आणि दिलेली दलाली धरता येते, पण कागद असतील तरच. नुसत्या रंगसफेदीचा खर्च सुधारणेत सहसा बसत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला इथे राहणाऱ्या व्यक्तीने महागाईची वजावट न घेता साडेबारा टक्के आणि घेऊन वीस टक्के, असे दोन्ही हिशेब करून पाहावेत. कर कमी तो भरायचा असतो. ५० लाख किंवा अधिक किमतीच्या घरात घेणारा १ टक्का कर कापून सरकारात भरतो. विसार म्हणून २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेता येत नाही. वहिनींच्या बिस्किटांच्या डब्याची खरी किंमत त्या दिवशी कळली.

मग दलाल प्रत्येकालाच हवा का? नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे तळमजल्यावरचे घर त्यांच्या शेजाऱ्यांनीच घेतले. घर नेहमीच्या पाहण्यातले, दोन्ही बाजूंचा विश्वास, किंमत चहा पिता पिता ठरली. तिथे हवा होता फक्त एक चांगला वकील, आणि तो त्यांनी केला. गिऱ्हाईक माहीत आहे, कागद स्वच्छ आहेत, वेळेची घाई नाही आणि घरातले एक माणूस तरी लोकांचे बोलणे हसून ऐकू शकते. या चारही गोष्टी असतील तर दलाली वाचवावी. पहिल्या तीन असून चौथी नसेल, तरी विचार करावा.

दादाच्या घरात चौथी गोष्ट नव्हती. आणि ते त्याचे दूषण नव्हे. एकेक लादी हाताने निवडलेल्या माणसाने ती परक्याच्या तोंडून नावे ठेवलेली कशी ऐकावी? त्या मधल्या माणसाने मुख्यतः हेच काम केले. लोक घर पाहायला येत तेव्हा तो दादाला म्हणे, "साहेब, तुम्ही जरा फिरून या." गॅलरीची गोष्ट तो दारातच सांगे. जे बिचकत ते तिथूनच परत जात. जे राहत ते खरे गिऱ्हाईक.

डिसेंबरात घर ९४ लाखांना गेले. दलालीचे ९४ हजार दादाने धनादेशाने दिले आणि पावती मागून घेतली. ती पावती आता त्याच डब्यात आहे.

किल्ली देण्याच्या दिवशी मी बरोबर होते. घेणारी मुलगी ओट्यावर हात फिरवून म्हणाली, "काकू, हा किती छान उंचीचा आहे! आम्ही हा ठेवणार." वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या. दादा तेव्हा खाली जिन्यापाशी उभा होता. मधल्या माणसाने त्याला त्या दिवशीही फिरायला पाठवले होते. घरी जाताना रिक्षात वहिनींनी त्याला ती गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एवढं ऐकायला तरी मला वर थांबू द्यायचं होतं."