गावाचे रक्षण तेच देशाचे रक्षण

देशाचे रक्षण कोण करतो? असे विचारले, की आपण लगेच म्हणतो, "सीमेवरचा जवान." उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धे आहे. संकट काही नेहमी बंदूक घेऊन येत नाही. पूर येतो, वीज पडते, आग लागते, धरणी हालते. अशा वेळीही माणसे दगावतात, घरे-ढोरे जातात. गाव उघडे पडले, की देश तेवढा दुबळा होतो. म्हणून उरलेले अर्धे उत्तर आज आम्ही सांगणार आहोत.

किल्लारीचे नाव मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? लातूर जिल्ह्यातले हे गाव. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे, चारला चार मिनिटे कमी असताना, जमीन हादरली. हादरा काही सेकंदांचाच. पण तेवढ्यात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली कितीतरी गावे भुईसपाट झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

आता नीट विचार करा. ही माणसे कशाने गेली? जमीन हालली म्हणून नव्हे, घर अंगावर पडले म्हणून. तिकडची घरे माळवदाची. भिंती जाडजूड, पण गोल दगड नुसत्या मातीत रचलेले. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेले नव्हते. म्हणून आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहिल्या नाहीत. वर मातीचे जड छप्पर. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. असे करता करता डोक्यावरचा भार वाढत गेला. ज्या घराने ऊन-पाऊस अडवला, तेच घर काळ झाले.

दुसरी गोष्ट. १९९२ सालीच किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसले होते. पण त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा मानला होता. "आपल्याकडे असे होत नाही" हे वाक्य फार घातकी आहे. २०२४ साली मार्च आणि जुलै महिन्यांत शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले. ते आपल्या नांदेडलाही जाणवले. तेव्हा सावध राहिलेले बरे.

तिसरी गोष्ट मदतीची. किल्लारीत लष्कराचे जवान धावून आले. सीमेवर लढणारे हात दगड-माती उपसू लागले. देशभरातून लोक आले. पण त्यांच्याही आधी ढिगाऱ्यावर कोण होते? वाचलेला शेजारी. संकटाची पहिली घटका नेहमी शेजाऱ्याचीच असते.

पुढे २००५ साली आपत्तीविषयी देशाचा कायदा झाला. आज प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरसाहेबांच्या हाताखाली हे काम चालते. पूर-भूकंपासाठी खास दलेही आहेत. पण केंद्राच्या दलाचा तळ पुण्याजवळ. राज्याच्या दलाचे तळ नागपूर आणि धुळ्याला. नांदेडहून किनवट गाठायलाच शंभर किलोमीटरांहून अधिक वाट. दल येणार हे खरे, पण येईपर्यंत काय? तोवर आपले गाव हेच आपले दल.

आपल्या उशाशी पैनगंगा आहे. वर इसापूरचे धरण आहे. धरण भरले, की दरवाजे उघडून पाणी सोडावे लागते. अशा वेळी किनवटला ऊन पडलेले असले तरी नदी चढते. म्हणून आभाळ पाहून नदीत उतरू नका. आधी सूचना ऐका, मग पाऊल टाका.

मग गावाने काय करावे? गाव असो, तांडा असो की गुडा, मृग लागण्याआधी एक बैठक घ्यावी आणि एवढे ठरवावे:

१. पूर आला तर उंचावरची कोणती जागा गाठायची? शाळा की देऊळ? वाट कोणती?

२. म्हातारी माणसे, बाळंतीण, अपंग यांना कोण उचलून नेणार? नावानिशी ठरवा.

३. पोहणारे कोण? ट्रॅक्टर कोणाकडे? दोर, कंदील, शिडी कोठे ठेवली आहे?

४. घर बांधताना दगडी भिंतीत आरपार दगड घाला. वर चारही भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा घाला. छप्पर हलके ठेवा.

५. पुलावरून पाणी वाहत असेल तर बैलगाडी वा मोटारसायकल घालू नका. गुडघाभर वाहते पाणीही माणसाला पाडते.

६. वीज कडाडू लागली, की झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा.

हे नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पोलीस वा कोणतीही तातडीची मदत, ११२. दवाखान्याची गाडी, १०८. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १०७७.

एक गोष्ट राहिली, ती अफवेची. संकटात खोटी बातमी पुरापेक्षा वेगाने धावते. "धरण फुटले" अशी नुसती आवई उठली, तरी लोक घाबरून धावतात, चेंगरतात. अशा वेळी वाचता येणाऱ्याचे काम मोठे आहे. मंडळी, आता तुम्हांला अक्षर आले आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना स्वतः वाचा. फोनवर आलेला सरकारी संदेश स्वतः वाचा. ज्या शेजाऱ्याला वाचता येत नाही, त्याला मोठ्याने वाचून दाखवा. शंका आली तर पोलीस पाटलांना विचारा, मगच पुढे सांगा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. जवान सीमेवर रात्रभर जागतो, तो आपण निर्धास्त झोपावे म्हणून. आपण वर्षातून एक दिवस गावासाठी जागे राहिलो, तर त्याच्या मागे राहिलेली त्याची म्हातारी आई, त्याची लेकरे सुरक्षित राहतील. हेही देशाचेच रक्षण आहे.