अठरा वर्षांनंतरचा आधार

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसाला मोठेपणी मदत हवी असते, तेव्हा बहुतेक सरकारी सोयी अठराव्या वर्षाशीच थांबतात. १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक मुलांचा, बालकल्याण समितीही मुलांचीच. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. ती मुले आता प्रौढ झाली आहेत.

मोठ्यांसाठीचा आधार उभा राहिला तो संस्थांतून. दिल्लीत १९९६ साली अनुजा गुप्ता यांनी ‘राही’ सुरू केली, ती घरातल्याच माणसांकडून अत्याचार झालेल्या प्रौढ स्त्रियांसाठी. राहीसाठी महेश दत्तानी यांनी ‘थर्टी डेज इन सप्टेंबर’ हे इंग्रजी नाटक लिहिले. २००१ मध्ये लिलेट दुबे यांनी ते रंगभूमीवर आणले. नायिका मालावर अत्याचार करणारा तिचा मामा. आईने डोळेझाक केलेली, कारण त्याच भावाने तिलाही सोडलेले नसते. मामा हे आपल्याकडचे सर्वांत लाडके नाते. नाटकाचा घाव नेमका तिथेच बसतो. हे नाटक पाहून हादरलेल्या पूजा तापडिया यांनी पुढे मुंबईत ‘अर्पण’ ही संस्था काढली. तिचे नाव शाळांतल्या सुरक्षा-शिक्षणामुळे झाले असले, तरी मोठ्यांचे समुपदेशनही ती करते.

पहिल्याच भेटीत सगळे सांगावे लागेल, या धास्तीने अनेक जण वर्षानुवर्षे समुपदेशकाकडे जात नाहीत. धास्ती अनाठायी आहे. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेला क्रम आजही बरेच समुपदेशक पाळतात: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, शेवटी माणसांत पुन्हा मिसळणे. म्हणून सुरुवातीचे प्रश्न साधे असतात. झोप लागते का, घरात कोणाची भीती आहे का, जीव द्यावासा वाटतो का. आठवण उसळून आली तर पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची, हाताला लागेल त्याचा स्पर्श नीट जाणवून घ्यायचा. ऐकायला पोरकट वाटते, पण शरीराला ‘आत्ता’मध्ये परत आणायला ते उपयोगी पडते.

प्रत्यक्ष जाऊन मदत घ्यायची, तर ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्थाही. मनोरुग्णालयाच्या फाटकात ओळखीचे कोणी भेटेल ही भीती खोटी म्हणता येत नाही. अशा वेळी फोन बरा: ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत, चोवीस तासांचा, आणि मराठीतही बोलता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ पासून फोनवर समुपदेशन करते.

पोलिसांत जायचे की नाही, हा प्रश्न वेगळा ठेवावा. समुपदेशनासाठी एफआयआर लागत नाही. तक्रार करायचीच, तर वय आड येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तसे स्पष्ट केले. अडचण जुन्या घटनांची आहे. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला; त्याआधीचे गुन्हे भारतीय दंड संहितेखाली येतात, आणि तिच्यात बलात्काराच्या व्याख्येत मुलगे बसतच नव्हते. त्यांना कलम ३७७ चाच काय तो आसरा. वैद्यकीय पुरावाही इतक्या वर्षांनी उरत नाही. त्या काळी जिला सांगितले ती बहीण किंवा मैत्रीण, एखादी जुनी वही, यांवर भिस्त. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. पॉक्सोचे कलम १९ मात्र मुलांवरील गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे सर्वांवरच बंधनकारक करते, समुपदेशकावरही. अत्याचार करणारा माणूस आज दुसऱ्या मुलांच्या सहवासात असेल, तर हा मुद्दा नक्की निघतो. त्यामुळे कोणती गोष्ट खोलीबाहेर जाऊ शकते, हे पहिल्याच सेशनमध्ये, नावे-गावे सांगण्याआधी, समुपदेशकाला स्पष्ट विचारून घ्यावे.