ब्लॅक होल नंतर, आधी लॉगॅरिदम!

‘सर, ब्लॅक होल कधी?’ अॅस्ट्रोफिजिक्सच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो. उत्तरही ठरलेलं. थांबा, आधी लॉगॅरिदम!

पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या वर्गात मी, मास कॉमवाली, काही लेक्चर्स मागच्या बाकावर बसून ऐकली. पहिला झटका म्हणजे ताऱ्यांची ‘प्रत’. आकडा जितका लहान, तारा तितका तेजस्वी! व्याधाची प्रत उणे दीडच्या आसपास, तर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याची 6. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात 100 पट. अंतरं पार्सेकमध्ये, एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5800 केल्विन, हे थर्मामीटर न लावता, नुसत्या प्रकाशावरून काढायचं. आहे की नाही धमाल?

मला सगळ्यात भिडली ती सिसिलिया पेनची गोष्ट. मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडलेलं समीकरण वापरून तिने 1925 च्या पीएच.डी. प्रबंधात दाखवलं, की ताऱ्यांमध्ये हायड्रोजनच प्रचंड जास्त आहे. वय 25! तेव्हा समज असा, की तारे साधारण पृथ्वीसारख्याच घटकांचे. हेन्री नॉरिस रसेल या बड्या शास्त्रज्ञाने आक्षेप घेतला आणि तिने स्वतःचाच निष्कर्ष ‘जवळजवळ नक्कीच खरा नाही’ असं लिहून टाकलं. 1929 मध्ये रसेल स्वतःच त्याच उत्तरापाशी पोचले.

म्हणजे गणित बरोबर येणं वेगळं आणि त्यावर ठाम राहणं वेगळं. शेजारच्या बाकावरच्या मुलीला हे पक्कं ठाऊक आहे. तिच्या हातात आयटीची ऑफर आहे, मनात आयुका किंवा एनसीआरएमधली पीएच.डी. बाबा रोज विचारतात, ‘यात नोकरी कुठे?’ पीएच.डी.च्या जागा मोजक्या, वर्षं पाच-सहा, म्हणजे बाबांचंही चुकत नाही. पण इथे शिकलेलं प्रोग्रॅमिंग आणि डेटा हाताळणं उद्या आयटीतही चालतंच की, हा तिचा मुद्दा. कंपनीला तिने अजून ‘हो’ कळवलेलं नाही.

तुम्हाला नुसती चव घ्यायचीय? फेब्रुवारीत, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी बघायला जा. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश! वीकेंड सत्कारणी लागेल. आणि परतताना लॉगॅरिदमची भीती थोडी कमी झाली असेल, बघा!