गंजलेली जुनी गाडी घरच्या घरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुनी झालेली प्रत्येक गाडी व्हिंटेज नसते. हौशी मंडळींच्या जागतिक परिभाषेत हा शब्द साधारण 1919 ते 1930 या काळातल्या गाड्यांसाठी राखलेला आहे. ‘फिवा’ हा जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षांवरील, नीट जतन केलेल्या वाहनाला ‘ऐतिहासिक’ म्हणतो. भारतीय कायद्याची मोजपट्टी तिसरीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात ही पन्नास वर्षांची रेघ फार महत्त्वाची ठरते. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघडावे.

‘गाडी ठाकठीक केली की ती रस्त्यावर आणता येते’ हा या भागातला सर्वांत महागडा गैरसमज. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 आणि 2015 मध्ये आदेश दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये ते उचलून धरले. तेव्हापासून राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यास मनाई आहे. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-4 (‘भारत स्टेज’ या उत्सर्जन मानकांचा चौथा टप्पा) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित झाले. ज्या गाड्यांचा पत्रा आज गंजून गळतो आहे, त्या बहुतेक बीएस मानके येण्याच्याही आधीच्या आहेत. त्यांना या सवलतीचा काडीचा उपयोग नाही.

याचा अर्थ असा की पंधरा आणि पन्नास या दोन आकड्यांच्या मध्ये सापडलेली गाडी ना घरची ना घाटची. पहिली मारुती 800 हे याचे इथलेच उदाहरण. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना त्या गाडीच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या निधनानंतर ती गाडी दाराशी उभी राहून गंजत गेली. पुढे कंपनीने तिचे पुनरुज्जीवन करून ती आपल्या मुख्यालयात मांडली. देशाच्या मोटार इतिहासातली एवढी मोलाची गाडी, पण पन्नाशी गाठून व्हिंटेज व्हायला तिला 2033 चा डिसेंबर उजाडावा लागेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली 1974 ची पद्मिनी या कसोटीवर उतरते. 1985 ची अगदी तशीच दिसणारी पद्मिनी उतरत नाही. 1985 च्या गाडीवर काम करू नये असे नाही. ती काही वर्षे आवारातच राहणार हे ओळखून खर्चाचा वेग ठरवावा, इतकेच. आवार मात्र खरोखर स्वतःचे हवे. रस्त्याकडेला उभी केलेली गाडी उचलली जाऊ शकते.

व्हिंटेज नोंदणी मिळाली की गाडी रोज ऑफिसला नेता येईल, हाही भ्रम आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे आणि त्यानंतर नूतनीकरणाला 5,000 रुपये. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या खुणेनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. वापर मात्र प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि इंधन वा दुरुस्तीसाठीची ये-जा एवढाच. नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही.

त्याच नियमात आणखी एक अट आहे, आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी व्हिंटेज मानली जात नाही. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल इंजिन बसवण्याची चाल उत्तर भारतात बरीच होती. स्वस्तात मिळते म्हणून असली गाडी घेणाऱ्याच्या पदरी देखणी पण कागदावर बसत नसलेली वस्तू येते. इंजिन आणि चॅसीवर ठोकलेले क्रमांक आरसीशी जुळवून पाहणे हे घरगुती कामातले पहिले काम. त्याला फक्त तारेचा ब्रश, थोडे रॉकेल आणि टॉर्च लागते.

आता गंज. दिल्लीची हवा कोरडी, तेव्हा तिथला पत्रा मुंबईसारखा गंजत नाही, असे सर्रास म्हटले जाते. समुद्राची खारी हवा इथे नाही हे खरे. पण लोखंडाला गंजायला समुद्र लागत नाही, ओलावा आणि प्राणवायू पुरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. दिल्लीत ही पातळी पावसाळ्यात तर गाठली जातेच, पण हिवाळ्यातल्या धुक्याच्या रात्रीही गाठली जाते. भरीला इथली धूळ. दारांच्या तळाशी आणि काचेसमोरच्या जाळीखाली पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजतात, आत चिखल साचतो आणि पत्रा आतून सडत जातो. वरून रंग शाबूत, आत चाळण, ही दिल्लीतल्या जुन्या गाडीची नेहमीची अवस्था. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळणारे मालक या सडण्याला हातभारच लावतात, कारण ताडपत्रीच्या आत रोज पहाटे दव सुटते.

गंज किती आहे हे रंगाकडे पाहून कळत नाही. चटया आणि त्यांखालचे तागाचे थर उचलावेत. पेचकसाच्या मुठीने फ्लोअरवर ठोकत जावे: शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला भद्द आवाज करतो. मग पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते आत घुसले तर तिथे पत्रा नाही, पत्र्याची आठवण आहे. मडगार्ड आणि दारांच्या खालच्या कडांवर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे मागच्या कुणीतरी लांबी भरून ठेवली आहे.

‘गंज म्हणजे दिखाऊपणाचा प्रश्न, इंजिन चांगले असले म्हणजे झाले’ ही समजूत जीप आणि स्टँडर्ड हेराल्डच्या बाबतीत निदान अर्धी खरी आहे, कारण त्यांना वेगळी चॅसी असते. अ‍ॅम्बेसेडर, फियाट 1100 आणि मारुती 800 यांना तशी चॅसी नाही. त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. दारांच्या उंबऱ्याखाली लांबलचक पोकळ पेटी असते, तिच्यावर गाडीचा कणा उभा असतो. ती सडली की गाडी मधोमध खचते आणि दारे लागेनाशी होतात. ही पेटी कापताना दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पट्ट्या जोडून आकार धरून ठेवावा लागतो. हे न करता कापलेली गाडी वाकडी होते आणि मग ती सरळ करणे घरच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून काटकसरीच्या कामात खरेदी करतानाच एक नियम पाळावा: इंजिन जाम झालेली पण पेट्या शाबूत असलेली गाडी, चालू इंजिनाच्या सडक्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. पत्राकाम, रंग, क्रोम आणि सीट यांत मजुरीचे इतके तास जातात की इंजिनाचा खर्च बहुधा मागे पडतो.

गंजावर रंग मारला की तो थांबतो, असे रंगाऱ्यांपैकीही काही जण सांगतात. गंज सच्छिद्र असतो, त्यात ओलावा आणि हवा धरून ठेवलेली असते, आणि तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे रंगाखाली तो फुगतो आणि पोपडे सुटतात. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे ‘रस्ट कन्व्हर्टर’ उपयोगी आहेत, पण घट्ट बसलेल्या पातळ गंजावरच. सुटे खवले आधी खरवडून काढावे लागतात, आणि भोक पडलेल्या जागी तर त्यांना करण्यासारखे काहीच उरत नाही.

गंज काढायला महागडी रसायनेच लागतात, हा उलट बाजूचा गैरसमज. उसाची मळी हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. मेरठ-मुझफ्फरनगरचा साखरपट्टा जवळ असल्याने दिल्लीकराला ती मिळणे अवघड नाही. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण पिंपात करून त्यात बिजागऱ्या, कंस, नट-बोल्ट बुडवून ठेवले की एक ते तीन आठवड्यांत ते स्वच्छ निघतात. मळी गंजाला विरघळवते, चांगल्या लोखंडाला जवळपास हात लावत नाही. वास मात्र शेजाऱ्यांशी संबंध बिघडवणारा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकले तर ते खाल्ले जातात. घाई असेल तर विजेचा मार्ग आहे: पाण्यात धुण्याचा सोडा, जुन्या धाटणीचा बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, वजा टोकाला गंजलेला भाग आणि अधिक टोकाला भंगारातला लोखंडी पत्रा. तिथे स्टेनलेस स्टील कदापि लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्वही चालते, पण स्प्रिंगसारखे कडक पोलादी भाग आम्लात घालू नयेत. ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. कुठल्याही पद्धतीने गंज काढलेला भाग उघडा ठेवला तर पावसाळ्यात काही तासांत पुन्हा तांबूस होतो. धुणे, वाळवणे आणि प्रायमर एकाच दिवशी उरकावे.

सँडब्लास्टिंगने सगळेच सोपे होते, हे फक्त जाड भागांपुरते खरे आहे. बॉनेट, छत, दारांचा पातळ पत्रा त्या माऱ्याने ताणला जाऊन लाटांसारखा होतो. शिवाय साध्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. हाताने घासतानाही जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे पॉलिश पेपर पाण्यासोबत वापरावा. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. ड्रम उघडल्यावर फुंकर किंवा हवेचा झोत मारण्याची गॅरेजमधली सवय टाळून ओल्या फडक्याने पुसावे.

भोकावर फायबर आणि लांबी लावून काम भागते, या समजावर जुन्या गाड्यांचा अर्धा बाजार उभा आहे. लांबी ओलावा शोषते. एक-दोन पावसाळ्यांत तिच्या कडेने फुगवटे येतात. सडलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून तिथे सीआर पत्र्याचा तुकडा वेल्ड करणे हाच टिकाऊ मार्ग. गॅस वेल्डिंगने पत्रा तापून वाकतो, म्हणून सीओटू वेल्डिंग बरे, आणि तेही सलग न ओढता अंतराअंतरावर टाके घालत. तुकडा कापून, वाकवून, जागेवर बसवण्याचे काम घरी होते. टाके घालायला कारागिराला एक दिवस बोलवावे. दिल्लीत डेंटर म्हणवणाऱ्या अशा कारागिरांची वानवा नाही. पेट्रोलच्या टाकीला मात्र त्यालाही हात लावू देऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

घरच्या रंगकामाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. हार्डनर मिसळून मारायच्या रंगांत आयसोसायनेट असतात, साध्या मास्कने ते अडत नाहीत, आणि दिल्लीच्या धुळीत उघड्यावर मारलेला रंग खरबरीत होतो. इपॉक्सी प्रायमरपर्यंतचे काम घरी करावे, शेवटचे थर रंगाच्या बूथमध्ये द्यावेत. नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे चूक. तो थर ओलावा अडवत नाही. त्याहून मोठा प्रश्न आहे मूळ रंगाचा. तो जिथे तग धरून आहे तिथे पॉलिश करून राखावा, कारण संपूर्ण नव्या रंगाने गाडीचे मूल्य वाढतेच असे नाही. फिवाच्या वर्गीकरणात अस्सल राखलेल्या गाडीचे स्थान पुन्हा घडवलेल्या गाडीच्या वर आहे. मूळ छटा, स्क्रू, बिल्ले कसे असत हे पाहायला गुरुग्रामपलीकडे तावडूचे हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. तिथली एक फेरी पुष्कळ चुका वाचवते.

इंजिन जाम असेल तर धक्का किंवा स्टार्टर मारून सोडवण्याचा मोह होतो, आणि त्यात रिंगा तुटतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल किंवा पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग क्रँक हाताने हलकेच हलवावा. इंजिन फिरले म्हणून गाडी चालवण्याजोगी होत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि आतले सिलिंडर गंजतात, तेव्हा ब्रेक आधी आणि इंजिन नंतर. ब्रेकमध्ये साधे तेल घातले तर रबरी वायसर फुगून ब्रेक जातात. टायरची नक्षी शाबूत असली तरी वयोमानाने रबर तडकते. टायरवर ठोकलेल्या चार आकड्यांतले शेवटचे दोन उत्पादनाचे वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचे आहे आणि त्याची जागा भंगारात आहे.

शिसेयुक्त पेट्रोल गेल्याने जुनी इंजिने मरतात, ही भीती अवास्तव आहे. दिल्लीत असे पेट्रोल 1998 मध्ये आणि देशभर 2000 मध्ये बंद झाले. मऊ व्हॉल्व्ह-सीट झिजतात त्या सततच्या वेगवान प्रवासात. रॅलीपुरत्या चालणाऱ्या गाडीला त्याचा फारसा त्रास नाही, आणि हेड उघडलेच तर कडक सीट बसवून घेता येतात. खरी काळजी आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. ते पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम कुरतडते. इथेनॉलला तोंड देणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि लांब मुक्कामाआधी कार्बोरेटर रिकामा करावा.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तक्रार अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीबाबत टिकत नाही. काश्मीरी गेटचा घाऊक बाजार, मायापुरीचे भंगार, कोलकात्याचा मलिक बाजार आणि मुंबईचा कुर्ला धुंडाळले तर यांत्रिक भाग बहुतेक निघतात. दुर्मीळ असतात ते काचेभोवतीचे रबर, दिव्यांच्या काचा आणि क्रोमच्या पट्ट्या. म्हणून उतरवलेला कुठलाही तुटका भाग नवा हातात येईपर्यंत टाकू नये. नमुना म्हणून तोच दाखवावा लागतो.

काम झाल्यावर गाडीच्या पोटाला जळके इंजिन ऑइल फासण्याची प्रथा अजून चालू आहे. त्या तेलात आम्ले आणि काजळी असते, ते रबराच्या बुशांना खराब करते आणि धूळ धरून ठेवते. पोकळ पेट्यांत मेण किंवा लॅनोलिनचा फवारा मारावा, पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत आणि गाडीवर हवा खेळती राहील असे सुती आवरण घालावे. पावसाळ्यानंतर चटया उचलून फ्लोअर पुन्हा एकदा तपासावा.