डॉक्टर सुटला, सुंता अडली

आरोपी निर्दोष सुटला आणि त्या सुटकेच्या धास्तीने बाकीच्या डॉक्टरांनी तेच काम थांबवलं, असं कधी घडेल का? जर्मनीत २०१२ साली घडलं.

कोलोनमधल्या एका डॉक्टरने नोव्हेंबर २०१० मध्ये चार वर्षांच्या एका मुस्लिम मुलाची सुंता केली. आईवडिलांची इच्छा होती, वैद्यकीय गरज नव्हती. शस्त्रक्रिया नीट झाली होती, पण दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू झाला, मुलाला रुग्णालयात न्यावं लागलं आणि प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत पोचलं. पालकांची संमती होती म्हणून खालच्या न्यायालयाने डॉक्टरला सोडलं.

७ मे २०१२ रोजी वरच्या न्यायालयानेही त्याला सोडलं, मात्र कारण पार वेगळं दिलं. गरज नसताना केलेली सुंता ही शारीरिक इजा आहे आणि पालकांच्या संमतीने ती कायदेशीर होत नाही. मुलगा मोठा झाल्यावर त्याचं त्याला ठरवू द्यावं. मग डॉक्टर कसा सुटला? या मुद्द्यावर तोवर कायदेपंडितांचंच एकमत नव्हतं. आपण बेकायदा वागतोय हे त्याला कळायला मार्गच नव्हता, असं न्यायालयाने मानलं.

खरी मेख इथेच आहे. निकाल गाजल्यावर ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव पुढच्या डॉक्टरला कसा मिळणार? इतर न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नव्हता, तरीही बर्लिनच्या ज्यू रुग्णालयाने सुंता स्थगित केल्या. ज्यू परंपरेत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते; मोठा होईपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे त्या घरांना परंपराच सोडायला सांगणं. मुलाचं शरीर, पालकांचा हक्क आणि धर्मस्वातंत्र्य, तिन्हींना एकाच राज्यघटनेचं संरक्षण, आणि तिन्ही एकमेकांसमोर उभे!

१२ डिसेंबर २०१२ रोजी जर्मन संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी नागरी संहितेत नवं कलम घातलं. मूल स्वतः निर्णय घेण्याइतकं जाणतं नसेल, तर पालक संमती देऊ शकतात. शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्राच्या नियमांनीच व्हायला हवी. पहिल्या सहा महिन्यांत धर्मसमाजाने नेमलेली, खास प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती डॉक्टर नसली तरी ती करू शकते. मुलगा १४ वर्षांचा होऊन स्वतः संमती देईपर्यंत थांबावं, हा पर्यायी प्रस्ताव मागे पडला. मात्र कलमात एक अट राहिली: मुलाच्या हिताला धोका असेल, तर पालकांची संमती चालणार नाही.

ही अट नुसती कागदावर नाही, हे २०१३ मध्ये दिसलं. मूळच्या केनियाच्या एका आईला आपल्या सहा वर्षांच्या मुलाची सुंता तिकडच्या रीतीप्रमाणे करायची होती. हाम शहरातल्या उच्च न्यायालयाने तिला अडवलं. कुटुंब कायमचं जर्मनीत राहत होतं, केनियाला जाणं क्वचितच होई, मुलाचा बाप्तिस्मा झालेला होता. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत कोणी त्याला हे सांगितलंच नव्हतं, त्याचं म्हणणं विचारलं नव्हतं.

सहा वर्षांच्या मुलाला विचारायला हवं, असं एक न्यायालय बजावतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आठ दिवसांच्या बाळाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने ‘हो’ म्हणणाऱ्यावरची जबाबदारी उलट वाढते. पालकांची संमती ही मालकी नव्हे, मुलाची ठेव आहे. आणि त्या ठेवीचा हिशेब मागायचा अधिकार कायद्याने कधीच सोडू नये.